आजारी माऊलीचा अर्ज



घरातली बाई अंथरुणाला खिळली की घरापुढे दोन प्रश्न उभे राहतात. पहिला औषधपाण्याचा आणि दुसरा लेकरांचा. पहिल्यावर सगळी भावकी बोलते. कोणता डॉक्टर चांगला, अकोल्याला न्यावे की नागपूरला, पैसे कोणाकडून उचलावे, याची खल रात्र रात्र चालते. दुसऱ्यावर कोणी बोलत नाही. लेकरे आपोआप वाढतात, असे आपण धरून चालतो. पण लेकरांना दोन वेळचे जेवण लागते, वही-पेन लागते, शाळेत जाताना वेणी घालून देणारा हात लागतो. आईच्या अंगात ताप भरलेला असतो तेव्हा हे सारे कोण करते? बहुतेक घरांत बारा-तेरा वर्षांची थोरली मुलगी करते आणि त्यापायी तिची शाळा सुटते.

रिसोड तालुक्यातील रिठद आणि आसपासच्या खेड्यांतून आमच्याकडे जी विचारणा होते तीत हा विषय वारंवार येतो. 'बालसंगोपनाचे पैसे फक्त बाप मेलेल्या लेकरांनाच मिळतात का?' असे बहिणी विचारतात. यावर एकदा सविस्तर लिहिणे आम्हाला गरजेचे वाटते.

मरणाची वाट पाहण्याचे कारण नाही

महाराष्ट्र शासनाची बालसंगोपन योजना पुष्कळ वर्षांपासून चालू आहे. तिच्यात मुलाला दरमहा ४२५ रुपये मिळत. २०२१ साली, कोरोनाच्या साथीत असंख्य घरे उघडी पडली तेव्हा, ही रक्कम १,१०० रुपये झाली. २०२३ च्या शासन निर्णयाने योजनेला 'क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना' असे नाव मिळाले आणि रक्कम दरमहा २,२५० रुपये करण्यात आली. मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत ही मदत मिळू शकते.

आता मुख्य मुद्दा. ही योजना केवळ अनाथ मुलांसाठी नाही. आई किंवा बाप मरण पावलेला, घटस्फोट झालेला, टाकून दिलेली बाई, अविवाहित माता यांची मुले तिच्यात बसतात. त्याच यादीत 'पालकाचा गंभीर आजार' आणि 'पालक रुग्णालयात असल्याने संकटात सापडलेले कुटुंब' हेही लिहिलेले आहे. कुष्ठरुग्णांची मुले, एच.आय.व्ही.ची बाधा झालेली मुले, आईबाप दोघेही अपंग असलेली मुले यांनाही तिचा आधार आहे. म्हणजे कर्करोगाने, मूत्रपिंडाच्या विकाराने किंवा अशाच मोठ्या दुखण्याने अंथरुणाला लागलेली आई आपल्या हयातीत, आपल्या लेकरांसाठी, आपल्या सहीने अर्ज करू शकते. आमच्या भगिनींना हे कोणी सांगत नाही. मृत्यूचा दाखला हातात आल्यावरच गावातले शहाणे सांगतात, 'आता अर्ज करा.' मदतीची खरी गरज तर त्या आधीच्या वर्षा-दीड वर्षात असते. त्या काळात घरातले दागिने जातात, शेळ्या जातात आणि मुलांच्या ताटातले दूधही जाते.

केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाची म्हणजे स्पॉन्सरशिपची दुसरी एक मदत आहे. ती दरमहा ४,००० रुपये आहे. जीवघेण्या आजाराने ग्रासलेल्या आणि मुलांना सांभाळण्यास असमर्थ झालेल्या आईबापांची मुले तिच्यात बसतात. तिला उत्पन्नाची मर्यादा आहे. ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० रुपये, इतरत्र ९६,००० रुपये. एकाच मुलासाठी या दोन्ही मदती एकत्र मिळत नाहीत. म्हणून अर्ज देताना, 'आमचे लेकरू कोणत्या योजनेत बसते?' हे कार्यालयातील माणसाला स्पष्ट विचारावे.

'माह्या पोरायले नेतीन काय?'

या अर्जाच्या आड सर्वांत मोठी धोंड कागदांची नाही, भीतीची आहे. प्रकरण मंजुरीसाठी बालकल्याण समितीपुढे जाते. समितीचे नाव काढले की बाया दचकतात. एका भगिनीने आम्हाला विचारलेले शब्द असे होते, "मी आजारी हावो असं लेहून देल्लं तं माह्या पोरायले बोर्डिंगात नेतीन काय?" आजारी बाईच्या मनात ही शंका यावी यात नवल नाही. 'मी सांभाळू शकत नाही' असे स्वतःच्या हाताने लिहून देणे कोणत्या आईला सोपे जाईल?

म्हणून कायदा काय म्हणतो ते समजून घ्या. बालन्याय कायदा २०१५ सालचा आहे. त्याप्रमाणे बालकल्याण समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांत निदान एक स्त्री असावीच लागते. समितीला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यासारखे अधिकार असतात, म्हणून तिचा आदेश वजनदार असतो. पण मुलाला संस्थेत ठेवणे हा अगदी शेवटचा उपाय समजावा, असे तत्त्व याच कायद्याने घालून दिले आहे. मूल आपल्या घरात, आपल्या माणसांत वाढावे, गरिबी किंवा आजार यांपायी ते आईपासून तुटू नये, यासाठीच बालसंगोपनाचा पैसा आहे. मूल घरी ठेवण्यासाठी जी मदत दिली जाते ती मागितल्याने मूल घरातून जात नाही. ही गोष्ट आजारी बाईच्या उशाशी बसून दहा वेळा सांगावी लागली तरी सांगा.

एका घराची हकिकत

रिठद भागातल्या एका घराची हकिकत नावे झाकून सांगतो. नवरा कामासाठी पुण्याकडे गेलेला. कधी पैसे पाठवी, कधी नाही. बाईला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग निघाला. नागपूरला किरणोपचार सुरू झाले. हे उपचार आठवड्याचे पाच दिवस आणि कित्येक आठवडे चालतात, त्यामुळे बाईला तिकडेच राहणे भाग पडले. घरी सातवीतली मुलगी, तिसरीतला मुलगा आणि म्हातारी सासू.

नणंदेने अर्जाचे मनावर घेतले. उत्पन्नाचा दाखला होता, पण जुन्या सालाचा. नवा काढायला तलाठ्याकडे, मग रिसोडला. आईच्या आधार कार्डावर माहेरचे नाव आणि मुलांच्या शाळेच्या नोंदीत सासरचे नाव. ते जुळवायला आणखी दोन फेऱ्या. एका कचेरीत बाबू म्हणाला, 'अर्जदार बाईला समोर आणा.' बाई नागपूरला यंत्राखाली आणि हे म्हणतात समोर आणा! नणंद रडत परत आली. एका दिवसाची मजुरी बुडाली, एस.टी.चे भाडे गेले आणि पदरात तारीख पडली.

पुढे गावातल्या अंगणवाडी सेविकेने हात दिला. तिने रुग्णालयातील डॉक्टरांकडून आजाराचा, उपचाराच्या मुदतीचा आणि बाई प्रवास करू शकत नाही असा मजकूर असलेला दाखला मागवून घेतला. बाईकडून साध्या कागदावर लेखी घेतले की, 'मी उपचारासाठी बाहेरगावी आहे, माझ्या मुलांचा सांभाळ माझी नणंद करीत आहे, कामकाज तिने पाहावे.' हा कागद जोडल्यावर प्रकरण पुढे सरकले. गृहचौकशी झाली, मुले समितीपुढे उभी राहिली, आदेश निघाला. पहिला पैसा खात्यात यायला त्यानंतरही कित्येक महिने गेले. परंतु आदेशाचा कागद घरात आला त्याच आठवड्यात मुलगी शाळेत परत गेली, कारण नणंदेला आणि सासूला धीर आला. पैसा यायच्या आधी धीर आला, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो.

कागद कोणते आणि धावाधाव कोणी करावी

अर्ज वाशिमला जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी यांच्या कार्यालयात द्यावयाचा असतो. त्याच खात्याचा जिल्हा बाल संरक्षण कक्ष गृहचौकशी करतो. सोबत साधारणपणे हे कागद लागतात : मुलाचे आणि पालकाचे आधार कार्ड, मुलाचा शाळेचा बोनाफाईड दाखला, जन्माचा दाखला, रेशन कार्डाची झेरॉक्स, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, तलाठी किंवा ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला, मुलाच्या नावाचे बँक पासबुक, पासपोर्ट आकाराचे फोटो आणि घरासमोर पालक व मुले उभी असलेला एक फोटो. आजाराच्या प्रकरणात सरकारी किंवा मोठ्या रुग्णालयाचा आजाराचा दाखला आणि केसपेपर यांना फार महत्त्व आहे. आई-बापांपैकी कोणी वारले असल्यास मृत्यूचा दाखला.

यादी लांब दिसते, पण हे सर्व एका दमात गोळा करायचे नाही. ज्याला वेळ लागतो तो कागद आधी काढा. म्हणजे पहिल्यांदा नावांतील फरक दुरुस्त करा, मग मुलाचे बँक खाते आधारला जोडा, मग उत्पन्नाचा दाखला. फोटो आणि झेरॉक्स शेवटी. प्रत्येक अर्जाची पोच घ्या. तारीख आणि शिक्का असलेली पोच नसेल तर त्या अर्जाला अर्ज म्हणता येत नाही. दाखल्यांना विलंब झाल्यास महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आहे. त्याप्रमाणे अधिसूचित दाखले ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात आणि न दिल्यास वरिष्ठाकडे अपील करता येते. अर्ज कोठे अडला आहे हे माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने विचारता येते. हे नम्रपणे विचारले तरी चालते, पण विचारावे.

आई उठूच शकत नसेल तर? बालन्याय कायद्याने त्याचीही सोय केली आहे. गरजू मुलाला समितीपुढे आणण्याचे काम केवळ आईबापांचे नाही. सरकारी नोकर, डॉक्टर, परिचारिका, सामाजिक कार्यकर्ता, कोणीही जागरूक नागरिक हे करू शकतो. मूल स्वतःसुद्धा जाऊ शकते. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा दूरध्वनी आहे, त्याला पैसे पडत नाहीत. गावातल्या शाळेचे गुरुजी, आशाताई, अंगणवाडी सेविका, ग्राम बाल संरक्षण समिती यांना या कामात ओढून घ्यावे.

आणखी एक गोष्ट बोलायला जड आहे, पण बोलली पाहिजे. दुखणे मोठे असेल तर आईने शुद्धीत असताना, चार माणसांदेखत, लेकरे कोणाकडे राहावीत हे लिहून ठेवावे. मावशीकडे, आत्याकडे, आजीकडे, जिथे लेकरांचा जीव रमतो तिथे. अशा कागदाने समितीपुढे आईची इच्छा काय होती हे कळते आणि पुढे भावकीत ओढाताण होत नाही. तसेच मुलांचे जातीचे दाखले आईबाप हयात असतानाच काढून ठेवा. आपल्या समाजात आजोबांच्या नोंदीत 'महार', बापाच्या नोंदीत 'नवबौद्ध' आणि मुलाच्या नोंदीत 'बौद्ध' असा फरक नेहमीचा आहे. अनुसूचित जातीच्या दाखल्याला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. तो कोणत्या पेटीत, कोणत्या काकांच्या घरी आहे, हे जाणत्या माणसांनाच ठाऊक असते. ते माणूस गेले की ती पेटीही गेली.

आजारी माणसाची स्वतःची मदत

बालसंगोपनाचा पैसा लेकराचा आहे. आजारी माणसासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना वेगळी आहे. ती १९८० पासून आहे. कर्करोग, क्षयरोग, एड्स, कुष्ठरोग अशा दुर्धर आजाराने पीडित, ६५ वर्षांखालील निराधार व्यक्तीला तिचा लाभ मिळतो. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये असून अनुदान २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये झाले. तिचा अर्ज तहसील कचेरीत, म्हणजे रिठदकरांसाठी रिसोडला. २०२४ साली सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेच्या नियमात, इतर सरकारी योजनेतून १,५०० किंवा त्याहून अधिक रक्कम घेणाऱ्या बाईला वगळले आहे, हे ध्यानात ठेवावे. नाही तर पुढे वसुलीची चिंता मागे लागते.

क्षयरोग झाला असेल तर उपचार चालू असेतो निक्षय पोषण योजनेचे पैसे मिळतात. २०१८ पासून ते महिना ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. शस्त्रक्रिया आणि मोठ्या उपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. दवाखान्यात भरती होण्याआधीच, हा दवाखाना योजनेत आहे का, हे तेथील आरोग्यमित्राला विचारावे.

विदर्भात आपल्या समाजात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारच्या अपंगत्वात सिकलसेल रोगाची गणना झाली आहे. वरून धडधाकट दिसणाऱ्या आणि महिन्यातून आठ दिवस वेदनेने तळमळणाऱ्या बाईला लोक 'कामचुकार' म्हणतात. तिने जिल्हा रुग्णालयातून रीतसर तपासणी करून प्रमाणपत्र काढावे. लोकांच्या बोलण्याला कागदाचे उत्तर चांगले असते.

थोरली मुलगी

आता ज्या मुलीचा आम्ही आरंभी उल्लेख केला तिच्याविषयी. आई आजारी पडली की मुलीचे बालपण संपते, आणि आपण तिचे कौतुक करतो. 'किती समजूतदार पोरगी, सगळं घर सांभाळते!' हे कौतुक तिला महागात पडते. सरकारी मदतीच्या दृष्टीनेही मूल नियमित शाळेत जाणे महत्त्वाचे आहे. स्पॉन्सरशिपमध्ये तर शाळेतील दीर्घ गैरहजेरीमुळे मदत थांबू शकते. म्हणजे घरकामासाठी मुलीला घरी ठेवायचे आणि तिच्याच नावाने मिळणारी मदत गमवायची, असा हा दुहेरी तोटा आहे.

यावर उपाय पैशाचा नाही, माणसांचा आहे. बाप घरात असेल तर त्याने चूल पेटवावी. भाकरी थापल्याने पुरुषाचे काही कमी होत नाही. काका, मामा, शेजारीण यांनी सकाळचा एक डबा वाटून घ्यावा. पाच घरांनी आठवड्यातून एकेक दिवस घेतला तर शाळेचे पाच दिवस भरतात आणि कोणावर भार पडत नाही.

ही भीक नव्हे

काही घरांत स्वाभिमानाचा प्रश्न निघतो. 'सरकारपुढे हात पसरायचा का?' स्वाभिमान ही आपली मोठी कमाई आहे, तिला धक्का लागू नये असेच आम्हालाही वाटते. म्हणून राज्यघटना उघडून पाहा. तिच्या ४१ व्या कलमात बेकारी, वार्धक्य, आजार आणि विकलांगता या प्रसंगी शासनाने आपल्या ऐपतीप्रमाणे साहाय्याची तरतूद करावी असे सांगितले आहे. आजार हा शब्द तेथे लिहिलेला आहे. या मार्गदर्शक तत्त्वांसाठी न्यायालयात जाता येत नाही हे खरे, पण राज्यकारभाराच्या मुळाशी ती तत्त्वे असावीत असे घटनाच म्हणते.

घटनेच्याही पुष्कळ आधी, १९२८ साली, मुंबई कायदेमंडळात गिरणी कामगार बायांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक आले तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतिणीला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा बराचसा भार सरकारने उचलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. आईच्या अंगात बळ नसते त्या दिवसांत तिच्या लेकराची जबाबदारी सर्वांनी मिळून घ्यावी, हाच विचार त्यात आहे. म्हणून आजारी माऊलीने अर्जावर अंगठा उमटवताना मान खाली घालण्याचे कारण नाही.

मंडळांना सांगणे

शेवटी तरुण मंडळांना आणि महिला मंडळांना दोन शब्द. जयंतीला आपण मंडप घालतो, वर्गणी काढतो, आनंद करतो. ते करावेच. पण महिन्यातल्या एका रविवारी, वंदना झाल्यावर, विहारात एक टेबल मांडा. अर्जाचे कोरे नमुने ठेवा. चांगले अक्षर असलेली दोन मुले-मुली बसवा. गावात कोणत्या घरी मोठे दुखणे आहे आणि त्या घरात अठराच्या आतली किती लेकरे आहेत, याची एक वही करा. आजाराचे नाव वहीत लिहू नका आणि चावडीवर बोलू नका. विशेषतः एच.आय.व्ही.च्या किंवा क्षयाच्या बाबतीत ती माहिती घराबाहेर जाता कामा नये. ज्या घरचे कोणी वाशिमला जाऊ शकत नाही त्यांची फाईल घेऊन एक जण जावा आणि त्याचे भाडे मंडळाने द्यावे. एका फेरीत पाच घरांची कामे होतात.

मंजुरीच्या भरवशावर मात्र कोणी कर्ज काढू नये. हा पैसा येतो तेव्हा थकबाकीसह येतो, पण केव्हा येईल याचा नेम नसतो. तोवर बचत गटाने त्या घराला हात द्यावा आणि परतफेडीची घाई करू नये.

ज्या भगिनी आज अंथरुणावरून हे वाचत असतील, किंवा ज्यांना कोणी वाचून दाखवत असेल, त्यांना आमचे सांगणे एवढेच : आज फक्त एक काम करा. लेकराचे आधार कार्ड, शाळेचा दाखला आणि तुमचे दवाखान्याचे कागद एका पिशवीत घालून उशाशी ठेवा आणि ती पिशवी कोणाच्या हाती द्यायची त्या माणसाला बोलावून घ्या.